त्र्यंबक ते येवला : नाशिक जिल्ह्यातील उत्सव आणि हातमागाची वस्त्रे

नाशिक शहराच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर वसले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे आहे. गोदावरीचा उगम येथला, संत निवृत्तिनाथांची समाधी येथली आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो तोही येथेच. त्यामुळे या लहानशा गावात बारा महिने भाविकांची वर्दळ असते. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पठारावर येवला आहे. तेथे खड्ड्यातल्या मागावर रेशीम आणि जर यांची पैठणी विणली जाते. एक गाव यात्रेकरूंचे, दुसरे विणकरांचे. दोहोंच्या मध्ये आणि आसपास सप्तशृंगीचा गड, खंडोबाची चंदनपुरी, मालेगावचे यंत्रमाग आणि पेठ-सुरगाण्याचे आदिवासी पाडे असा बहुरंगी प्रदेश पसरला आहे.

या प्रदेशातील सण, यात्रा आणि उत्सव यांच्यावर बरेच लेखन झाले आहे. पैठणीवरही झाले आहे. परंतु दोन्ही विषय एकत्र मांडले की त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे वस्त्र नेसावे, पूजेला रेशीम हवे की सूत, देवीला किती वारांचे लुगडे लागते, जागरणाला काय अंथरावे, हे सारे उत्सवाने ठरवून दिले. ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच तिथीला येत राहिली, म्हणून विणकराला वर्षभराच्या कामाचा अंदाज बांधता आला. नाशिकच्या हातमागाचे पहिले आणि सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक उत्सव हेच होते. हे नाते समजून घेतल्याशिवाय येथल्या वस्त्रपरंपरेचा इतिहास कळत नाही आणि तिच्या आजच्या अडचणीही कळत नाहीत.

या नात्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाशिकमध्येच दगडात कोरलेला आहे. त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांत, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या पांडवलेण्यांत, क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेख सांगतो, की त्याने तीन हजार कार्षापणे भिक्षुसंघासाठी कायमची ठेव म्हणून दिली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली. गोवर्धन हे नाशिकच्या पश्चिमेचे गोदाकाठचे गाव. दोन हजारांची रक्कम एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर एक हजाराची रक्कम दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवली गेली. मूळ रक्कम परत करायची नव्हती, फक्त व्याज वापरायचे होते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यायची, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. हिशेब अचूक जुळतो. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा मिळून तेवढेच. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवून ठेवल्याचाही उल्लेख आहे.

या एका लेखातून अनेक गोष्टी कळतात. गोवर्धनात विणकरांच्या एकाहून अधिक संघटना होत्या. राजघराण्यातील माणूस कायमची ठेव सोपवील इतकी त्यांची पत होती. आणि ती ठेव कशासाठी होती, तर पावसाळ्याच्या नेमलेल्या काळात धर्माचरण करणाऱ्यांच्या वस्त्रांसाठी. धार्मिक वर्ष आणि वस्त्र यांची सांगड नाशिकमध्ये निदान अठराशे वर्षांची आहे. त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दख्खनच्या दोन बाजारपेठांतून भडोच बंदराकडे माल जात असल्याची नोंद आहे. तगरच्या मालात कापडाचा समावेश होता. सह्याद्रीचे घाट उतरून समुद्राकडे जाणाऱ्या वाटांवरचे नाशिक या व्यापाराशी जोडलेले होते.

त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर पेशवेकालीन आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये त्याचे काम सुरू करविले आणि ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. गाभाऱ्यातील लिंग इतर ज्योतिर्लिंगांपेक्षा वेगळे आहे. तेथे उंच शाळुंका-पिंडी नाही, तर खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे असून ती ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची मानली जातात. दर सोमवारी त्र्यंबकराजाचा पंचमुखी सुवर्ण मुखवटा पालखीतून कुशावर्त तीर्थावर नेला जातो. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेचा रथोत्सव हे या देवस्थानाचे मोठे दिवस. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक भर पावसात ब्रह्मगिरीची फेरी करतात.

या उपासनेत वस्त्राचा नियम काटेकोर आहे. गाभाऱ्यात अभिषेकाला बसणाऱ्या पुरुषाने सोवळे नेसलेले असावे लागते. सोवळ्याच्या जुन्या आचारात धाग्यांची प्रतवारी ठरलेली होती. सुती कापड रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही असे वाळवले तरच सोवळ्यात चालते. रेशमी मुकटा, कद किंवा पीतांबर आणि लोकरीची धाबळी यांना मात्र तितक्या लवकर विटाळ होत नाही, असे मानले जाई. या समजुतीचा आर्थिक परिणाम मोठा होता. ज्या घरात नित्य देवपूजा, श्राद्ध आणि व्रते होत, त्या प्रत्येक घराला निदान एक रेशमी वस्त्र लागे. नाशिक-त्र्यंबकसारख्या पुरोहितांच्या क्षेत्रात ही गरज रोजची होती. म्हणूनच येवल्याच्या मागांवर राजघराण्यांसाठी पैठण्या निघत, तसे सामान्य गृहस्थांसाठी मुकटे, कद आणि पीतांबरही निघत. नारायण-नागबळीसारख्या विधींसाठी त्र्यंबकला येणाऱ्या यजमानाला आजही नवे पांढरे वस्त्र आणायला सांगितले जाते. मंगल कार्याला रंग आणि काठ, पितृकार्याला पांढरा रंग, ही विभागणी येथे अजून पाळली जाते.

त्र्यंबकची दुसरी मोठी परंपरा वारकऱ्यांची आहे. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांनी येथे १२९७ मध्ये समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला त्यांच्या समाधीची यात्रा भरते. नाशिक, नगर आणि खानदेश या भागांतून दिंड्या थंडीत चालत येतात आणि गावाच्या गल्लीबोळांत टाळ-मृदंगाचा गजर चालतो. आषाढी वारीसाठी येथूनच निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. वारकऱ्याचा वेश म्हणजे पांढरे धोतर, बंडी किंवा सदरा, डोक्याला टोपी अथवा फेटा, खांद्यावर भगवी पताका. स्त्रियांच्या अंगावर नऊवारी लुगडे आणि डोक्यावर तुळशीवृंदावन. हा वेश साधा आहे, पण ठरलेला आहे. श्रीमंत आणि गरीब यांच्यातला फरक दिसू नये, दिंडीत चालताना सगळे एकसारखे असावेत, हा त्यामागचा विचार. या कापडासाठी जर लागत नाही, टिकाऊ सूत लागते. खेडोपाडीचे साळी आणि कोष्टी विणकर तेच पुरवीत असत.

पौषातल्या वारकऱ्याच्या पडशीबरोबर असे ती घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ही वस्तू धनगर आणि सणगर समाजांच्या कौशल्याने बनते. मेंढ्या कातरून मिळालेली लोकर पिंजायची, चरख्यावर सूत कातायचे, चिंचोक्याची खळ लावून ताणा कडक करायचा आणि खड्ड्याच्या मागावर विणायचे, अशी तिची रीत. काळा, तपकिरी आणि पांढरा हे मेंढीचे अंगचेच रंग वापरायचे असल्याने रंगाऱ्याची गरज पडत नाही. पावसात ती अंगावर घेता येते, थंडीत पांघरता येते, शेतात अंथरता येते. पण घोंगडीला देवघरातही स्थान आहे. खंडोबाच्या जागरणात ती अंथरून त्यावर चौक भरतात.

मालेगावजवळची चंदनपुरी ही खंडोबाच्या कथेतली महत्त्वाची जागा. धनगरकन्या बाणाई येथली. तिच्यासाठी खंडोबाने तिच्या घरी मेंढ्या राखल्या, असे लोककथा सांगते. पौष पौर्णिमेपासून येथे यात्रा भरते. देवच मेंढपाळ झाला अशी ज्या समाजाची श्रद्धा, त्याने आपल्या हातची घोंगडी देवापुढे अंथरावी हे स्वाभाविक आहे. पौष पौर्णिमेला चंदनपुरी आणि तिच्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्र्यंबक, अशा जिल्ह्यातल्या दोन मोठ्या यात्रा ऐन थंडीत येतात आणि दोन्हींकडे लोकरीला मागणी असते.

देवीच्या उपासनेत वस्त्र हा अर्पणाचा मुख्य भाग होतो. वणीच्या सप्तशृंग गडावरील अठरा हातांची मूर्ती कड्यातच कोरलेली असून ती सुमारे आठ फूट उंच आहे. तिला अकरा वार लुगडे लागते आणि चोळीसाठी तीन खण लागतात. चैत्र पौर्णिमेला आणि नवरात्रात येथे मोठे उत्सव होतात. खानदेशातले भाविक चैत्रात पायी चालत गडावर येतात. उत्सवाच्या वेळी गडाच्या उंच सुळक्यावर मध्यरात्री ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा आहे. अवघड कडा चढून ते हा ध्वज फडकावतात आणि सकाळी तो लांबच्या गावांतून दिसतो. ओटी भरताना लुगडे, खण आणि नारळ देवीपुढे ठेवायचे ही रीत महाराष्ट्रभर देवीच्या देवस्थानांत आहे. खणाचे कापड मुख्यत्वे उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरून येत आले आहे. नाशिकच्या एका ओटीत असे दोन प्रांतांचे विणकर एकत्र येतात.

त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी, कळवण या तालुक्यांत महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर आणि भिल्ल या समाजांची वस्ती आहे. त्यांचे उत्सव शेती, जंगल आणि डोंगर यांच्या चक्रावर चालतात. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराख्यांचा वाघदेव पुजला जातो. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल समाजांचा डोंगरदेवाचा उत्सव होतो. त्यात व्रतस्थ पुरुष पावरीच्या सुरावर रात्र-रात्र नाचतात आणि शेवटी डोंगरातल्या देवाच्या ठिकाणी जातात. शिमग्यानंतर चैत्र-वैशाखात त्र्यंबक, मोखाडा आणि जव्हार परिसरात बोहाडा होतो. पेठ-सुरगाण्याकडे त्याला भवाडा म्हणतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात देव आणि दैत्य यांची सोंगे नाचवली जातात. सुरुवात गणपती आणि शारदेच्या सोंगांनी होते. शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. अनेक गावांत ठरावीक सोंग नाचवण्याचा मान ठरावीक घराण्याकडे असतो.

या समाजांत मुखवटे, वाद्ये, बांबूच्या टोपल्या आणि भिंतीवरची चित्रे घरोघर तयार होत आली, पण कापड विणले गेले नाही. ते आठवडे बाजारातून विकत घेतले जाई. गुडघ्यापर्यंत येणारे, शेतात आणि रानात वावरायला सोयीचे, कासोट्याचे आखूड लुगडे ही बायकांची पद्धत होती आणि तशा मापाचे जाडेभरडे सुती कापड व्यापारी बाजारात आणत. सह्याद्रीच्या या उत्सवांत हातमागाचा वाटा असा बाजारातून आला. गावाचा देव गावाने नाचवला आणि त्याचे वस्त्र पठारावरच्या विणकराने पुरवले.

येथे मेक्सिकोशी तुलना उपयोगी पडते. त्या देशातल्या ओआहाका आणि चियापास या दक्षिणेकडच्या राज्यांत माया, झापोतेक आणि इतर आदिवासी समाजांच्या स्त्रिया घरातच विणतात. मागाचे एक टोक झाडाला किंवा खांबाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधायचे, आणि शरीर मागे-पुढे कलवून ताण कमी-जास्त करायचा, असा हा साधा माग आहे. त्यावर ‘उइपिल’ नावाचा सैल अंगरखा विणला जातो. त्याची नक्षी पाहून तो घालणारी स्त्री कोणत्या गावची हे जाणकार सांगू शकतो. गावाच्या संताच्या उत्सवाला नवा उइपिल घालतात, आणि चियापासच्या काही गावांत चर्चमधल्या संतांच्या मूर्तींनाही हातविणीची वस्त्रे नेसवतात. जुलै महिन्यात ओआहाका शहरात होणाऱ्या गेलागेत्सा उत्सवात प्रत्येक प्रदेशाचे लोक आपापल्या पोशाखात नाचतात. नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या स्मरणाचा जो ‘मृतांचा दिवस’ साजरा होतो, त्याची नोंद २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत झाली आहे. मुखवट्यांची नृत्ये, देवमूर्तीला वस्त्र, पितरांचे दिवस या बाबतींत दोन्ही प्रदेश एकमेकांच्या जवळ आहेत. मोठा फरक विणकराच्या जागेत आहे. मेक्सिकोत विणणारी आणि नेसणारी बहुधा एकाच घरातली असते. नाशिकमध्ये विणकर, व्यापारी आणि नेसणारे वेगवेगळ्या जातींचे आणि गावांचे असतात. त्यामुळे तेथे परंपरा घरात टिकली, तर येथे ती बाजार आणि उत्सव यांच्या आधाराने टिकली. हा आधार सुटला तर येथल्या मागाला दुसरा आसरा राहत नाही.

येवल्याची कथा हेच दाखवते. परंपरेनुसार सतराव्या शतकात रघोजी नाईक यांनी हे गाव वसवले आणि पैठणहून व इतरत्रहून कारागीर आणि व्यापारी बोलावून त्यांना आश्रय दिला. साळी, कोष्टी, खत्री आणि मोमीन अशा निरनिराळ्या समाजांचे लोक या धंद्यात आले. पेशवाईत पैठणीला मोठा आश्रय मिळाला. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आसावलीच्या शेल्यांची आणि विशिष्ट रंगांच्या दुपट्ट्यांची मागणी आढळते. हैदराबादच्या निजाम घराण्यालाही या वस्त्राची आवड होती. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येवल्याच्या रेशीम आणि जर उद्योगाचे तपशीलवार वर्णन आहे. राज्ये गेली तरी लग्ने, मुंजी आणि सोवळे यांची मागणी चालू राहिल्याने येवल्याचा माग थांबला नाही.

पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या विणीत आहे. रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. रेशमातला डिंक उकळून काढतात, मग रंगवतात. लडी फाळक्यावर चढवून सूत असारीवर उकलतात, कांड्या भरतात आणि ताणा मागावर चढवतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या दाबून धाग्यांचे थर वर-खाली करतो. अंगाचे साधे विणकाम धोट्याने भरभर होते. काठ आणि पदर मात्र सावकाश चालतात, कारण पदरावरच्या नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. ती नक्षीच्या हद्दीपर्यंत न्यायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची आणि मागे फिरवायची. धागा मागच्या बाजूने लांब ओढून नेला जात नाही. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. साधी पैठणी महिनाभरात होते. अंगभर बुट्ट्या आणि भरगच्च पदर असेल तर सहा महिने, वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो.

नक्षीचे स्वतःचे जग आहे. नारळी आणि मुनिया हे काठ, बांगडी मोर, कमळ, हंस, तोता-मैना, हुमा परिंदा, अशर्फी आणि आसावलीची वेल हे पदर-बुट्ट्यांचे नमुने. कमळ आणि हंस यांच्यामागे अजिंठ्याच्या चित्रांचा वारसा सांगितला जातो, तर हुमा परिंदा फारसी परंपरेतून आलेला आहे. मराठवाडा आणि नाशिक यांच्या सीमेवर हिंदू आणि मुसलमान कारागिरांनी शेजारी बसून केलेल्या कामाची ही खूण. रंगांचेही तसेच. पोपटी रंगाची राघू, पांढरी शिरोदक आणि काळ्या अंगाची, लाल काठांची चंद्रकला. काळा रंग एरवी शुभकार्याला वर्ज्य, पण मकरसंक्रांतीला तोच हवा. नव्या सुनेची पहिली संक्रांत चंद्रकला आणि हलव्याचे दागिने यांच्याशिवाय पूर्ण होत नसे. लग्नात वधूसाठी पिवळी अष्टपुत्री आणि शालू किंवा पैठणी, गुढीला रेशमी खण किंवा जरीचे वस्त्र, असे प्रत्येक दिवसाचे वस्त्र ठरलेले.

संक्रांत येवल्यात विणकरांचा स्वतःचा उत्सव होऊन जाते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव पतंग उडवते. हलकडी या वाद्याचा कडकडाट गच्च्यांवरून चालतो आणि मांजा गुंडाळायला येथे असारी वापरतात. रेशीम उकलण्याचे हे साधन विणकरांच्या घरात वर्षभर फिरत असते. जे गाव इतरांच्या सणांसाठी वर्षभर विणते, ते आपला सण आपल्याच अवजाराने साजरा करते.

सिंहस्थ ही या साऱ्या परंपरांची सर्वांत मोठी गर्दी. गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे कुंभमेळा भरतो. स्नानाच्या मानावरून पूर्वी झालेल्या संघर्षानंतर पेशवाईत व्यवस्था लागली. शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तात आणि वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडात स्नान करू लागले. आज त्र्यंबकला दहा आखाडे येतात. २०१५ मध्ये त्र्यंबकेश्वरला २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि २५ सप्टेंबर या दिवशी शाही स्नाने झाली. पुढील सिंहस्थ २०२६ ते २०२८ या काळात आहे. पर्वाची सुरुवात ध्वजारोहणाने होते आणि प्रत्येक आखाड्यापुढे त्याची धर्मध्वजा उभी राहते. संन्याशाचे गेरूच्या रंगाचे वस्त्र त्याच्या दीक्षेची खूण असते. नागा साधूंनी वस्त्राचाच त्याग केलेला असतो आणि त्यांच्या अंगावर भस्म असते. वस्त्र धारण करण्याइतकेच ते सोडणेही येथे धर्माचे विधान आहे. लाखो यात्रेकरू घरी परतताना नाशिकच्या बाजारातून लुगडे किंवा साडी घेऊन जातात. त्यामुळे सिंहस्थाचे वर्ष कापड व्यापाऱ्यांसाठी नेहमीच मोठे राहिले आहे.

विसाव्या शतकात ही घडी बदलली. मालेगावात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती १८५७ नंतर वाढली आणि पुढे त्यांच्या हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. मालेगावच्या रंगीत साड्यांनी सामान्य घरांची गरज कमी किमतीत भागवली, हे मोठेच काम झाले. मात्र वारकऱ्याचे धोतर, ओटीचे लुगडे, शेतातले आखूड पातळ या सगळ्या जागा हातमागाच्या हातून गेल्या. घोंगडीची जागा गिरणीच्या ब्लँकेटने घेतली. सोवळ्याचे आचार सैल झाल्यावर मुकट्याची रोजची गरजही उरली नाही. हातमागाकडे राहिली ती मुख्यत्वे पैठणी, म्हणजे लग्नाचे आणि मोठ्या सणांचे वस्त्र.

संरक्षणाचे उपाय झाले आहेत. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने काही वस्त्रप्रकार केवळ हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी २२ प्रकार होते, पुढे ते ११ वर आले. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातविणीसाठी २००६ पासून हँडलूम मार्क अशा खुणा सुरू झाल्या. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. तरीही यंत्रावर विणलेल्या, पैठणीसारख्या दिसणाऱ्या साड्या बाजारात पैठणी या नावानेच विकल्या जातात. सिल्क मार्क रेशमाची शुद्धता सांगतो, ते हाताने विणले की यंत्राने हे सांगत नाही. हा फरक बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसतो. विणकराची अडचणही जुनीच आहे. रेशीम आणि जर महाग असल्याने तो बहुधा पेढीवाल्याकडून माल घेतो आणि नगावर मजुरीने विणतो. साडीच्या किमतीतला त्याचा वाटा लहान राहतो आणि मुले दुसरे काम शोधतात. अनेक घरांत आता स्त्रिया मागावर बसतात. पूर्वी त्यांच्या वाट्याला कांड्या भरणे आणि सूत उकलणे एवढेच काम येत असे. कौशल्य टिकवण्यात त्यांचा वाटा वाढत आहे.

गोवर्धनच्या विणकरश्रेणींपासून येवल्याच्या मागापर्यंतचा हा प्रवास एक गोष्ट ठामपणे सांगतो. नाशिकचा हातमाग दरबारी आश्रयावर वाढला असेल, पण तो टिकला तो ठरलेल्या तिथीला ठरलेले वस्त्र मागणाऱ्या सामान्य माणसांमुळे. सरकारी कायदे आणि खुणा आवश्यक आहेत, मात्र त्यांनी या मागणीची जागा भरून निघत नाही. लग्न, संक्रांत, ओटी आणि गुढी यांच्यासाठी वस्त्र घेणाऱ्या प्रत्येक घराने पदराची उलटी बाजू पाहावी, हँडलूम मार्क विचारावा आणि शक्य असेल तेव्हा थेट विणकराकडून घ्यावे. घोंगडी आणि सुती हातमागाचे कापड यांनाही घरातल्या एखाद्या सणात जागा द्यावी. जिल्ह्यातल्या देवस्थानांनी देवतांच्या महावस्त्रांसाठी आणि ध्वजांसाठी हातविणीचे कापड घेण्याचा नेम केला, तर विणकराला वर्षाची खात्रीची मागणी पुन्हा मिळेल. उषवदाताने विणकरांवर विश्वास ठेवून जी ठेव दिली, तशी ठेव आज समाजाने द्यायची आहे.